तुम्ही विचारलंत म्हणून: संशोधन करायचं तर मुलीने कोणती ब्रांच घ्यावी?

पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी-एमएसची शाखा निवडायच्या, काउन्सेलिंगचे दिवस आले की मला फोन यायला लागतात. कधी माजी विद्यार्थिनीचा, कधी तिच्या वडिलांचा. वर्ध्याहून, भंडाऱ्याहून, यवतमाळहून येतात आणि नागपुरातून तर हमखास. ख्यालीखुशाली झाली की मुद्दा येतो. 'मॅडम, पोरगी रिसर्च रिसर्च करून राहिली. कोणती ब्रांच घेऊ द्याची तिले?' वडील विचारतात तेव्हा 'जिथे तिला त्रास कमी होईल अशी' हे त्यात न बोलता आलेलं असतं. मुलगी स्वतः विचारते तेव्हा ती स्पष्टच बोलते. 'मॅडम, सर्जिकल ब्रांचमध्ये मुलींचा रिसर्च होतच नाही म्हणतात. ग्रांट मिळत नाही म्हणतात. खरं आहे का?'

फोनवर मी थोडक्यात सांगते: आवडेल ती ब्रांच घे, पण कुठल्या विभागात जातेस ते बघून जा. मग पलीकडून 'पण का मॅडम?' असं येतं, आणि त्याचं उत्तर फोनवर मावत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून ते इथे सविस्तर लिहिते.

मी पॅथॉलॉजीची. विदर्भातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. उत्तरार्धात संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समित्यांवरही बसले. अर्ज लिहिणाऱ्याने किती रात्री घालवलेल्या असतात आणि तपासणाऱ्याच्या हाती किती कमी वेळ असतो, हे दोन्ही मी जवळून पाहिलं आहे.

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या फर्स्ट इयरच्या लेक्चर हॉलमध्ये आज डोकावलं तर मुली निम्म्याच्या आसपास दिसतात. हे चित्र फार जुनं नाही. भारतातल्या आरोग्य मनुष्यबळावर जागतिक आरोग्य संघटनेचा एक अहवाल २०१६ मध्ये आला, तो २००१ च्या जनगणनेवर बेतलेला होता. त्यात अ‍ॅलोपथिक डॉक्टरांमध्ये स्त्रिया १७ टक्के होत्या. तिथून इथवर आलो ही लहान गोष्ट नाही, आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. पण लेक्चर हॉलच्या पुढे चालत गेलं की मुली कमी होत जातात. सगळ्या विज्ञानशाखा धरून देशातल्या संशोधकांमध्ये स्त्रिया किती, तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आकडेवारीत २०१८ साली १६.६ टक्के.

ब्रांचनिहाय फरक तर डोळ्यांना दिसतो. गायनॅक, पेडियाट्रिक्स, अ‍ॅनेस्थेशिया, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, पीएसएम (सामाजिक आरोग्य) या विभागांत बायका भरपूर; ऑर्थो, न्यूरोसर्जरी, कार्डिओलॉजीत मोजक्या. हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत २०१९ साली बालरोगतज्ज्ञांमध्ये स्त्रिया ६४ टक्के होत्या आणि ऑर्थोपेडिक सर्जनांमध्ये सहा टक्क्यांहूनही कमी.

म्हणून मुलींना वाटतं की बायका भरपूर असलेल्या ब्रांचमध्ये गेलं की वाट मोकळी. तसं होत नाही. मी बसले त्या समित्यांमध्ये, बायकांची संख्या जास्त असलेल्या विभागांतूनही जे प्रस्ताव यायचे त्यांत प्रमुख संशोधक (पीआय) म्हणून पुरुषाचं नाव आणि खाली सहसंशोधक (को-पीआय) म्हणून दोन-तीन मॅडमची नावं, हे इतक्या वेळा दिसायचं की कोणी त्याकडे लक्षही देत नसे. शोधनिबंधांतही हीच उतरंड आहे. अमेरिकेतल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या लेखकाच्या जागी स्त्रिया १९७० साली ५.९ टक्के होत्या, त्या २००४ पर्यंत २९.३ टक्के झाल्या. शेवटच्या लेखकाच्या जागी मात्र ३.७ वरून १९.३ पर्यंतच पोचल्या. वैद्यकातल्या लोकांना सांगायला नको, पण पालकांसाठी सांगते: पहिलं नाव म्हणजे काम ज्याने केलं तो, आणि शेवटचं नाव म्हणजे बहुतेक वेळा ज्याचा प्रकल्प, ज्याची प्रयोगशाळा, ज्याचा निधी तो.

आता कारणांकडे येते. मला नेहमी ऐकवलं जातं की बायकाच अर्ज करत नाहीत, तर पैसा कुठून मिळणार? अर्ज करणाऱ्यांत बायका कमी असतात हे खरं आहे, ते कशामुळे ते पुढे सांगते. पण ज्या अर्ज करतात त्यांचं काय होतं, हे काही देशांनी तपासलं आहे, आणि त्यातला कॅनडाचा अभ्यास मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

कॅनडाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१४ मध्ये निधी देण्याची पद्धत बदलली. एका योजनेत परीक्षकांना सांगितलं की अर्जदार संशोधक म्हणून किती मोठा आहे हे प्रामुख्याने बघा. दुसऱ्या योजनेत सांगितलं की मांडलेलं संशोधन किती चांगलं आहे हे प्रामुख्याने बघा. हा काही ठरवून केलेला प्रयोग नव्हता, पण प्रयोगासारखाच उपयोगी पडला. होली विटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१६ या काळातले २३,९१८ अर्ज तपासले आणि २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. अर्जदाराचं वय आणि संशोधनाचं क्षेत्र हिशेबात धरूनही, जिथे मुख्यतः संशोधन बघितलं तिथे स्त्रिया आणि पुरुष यांच्या यशातला फरक शंभर अर्जांमागे एकाहून कमी होता. जिथे मुख्यतः माणूस बघितला तिथे तोच फरक शंभरामागे चार झाला. एकूण मंजूर होत होते शंभरातले जेमतेम सोळा. सोळातले चार म्हणजे किती, हे प्रत्येकाने स्वतःशी मांडून बघावं.

देश तोच, परिषद तीच. परीक्षकांना काय बघा म्हटलं तेवढं बदललं. बायकांची संशोधनाची कल्पना कमी पडत असती तर दोन्हीकडे सारखीच पडली असती. ती कमी पडली नाही. बाईकडे 'मोठी संशोधक' म्हणून बघताना मात्र परीक्षकाचा हात आखडला. मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा हाच आहे: पैसा कामाकडे बघून दिला तर मुली जवळपास बरोबरीने चालतात, आणि माणसाकडे बघून दिला की मागे पडतात. कुठल्याही ब्रांचमध्ये गेलात तरी हे लागू आहे.

माणसाकडे बघणं म्हणजे काय होतं, ते स्वीडनच्या उदाहरणात फार स्पष्ट दिसतं. गोथेनबर्ग विद्यापीठातल्या क्रिस्टीन वेनेरोस आणि अग्नेस वोल्ड या दोघींनी स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे १९९५ च्या पोस्टडॉक्टरल (पीएचडीनंतरच्या) फेलोशिपचे गुण मागितले. अर्जदार ११४, त्यात स्त्रिया ५२ आणि पुरुष ६२. जागा मिळाल्या २०, त्यात स्त्रिया चार. परिषदेने कागद द्यायला नकार दिला. दोघी न्यायालयात गेल्या, कागद सार्वजनिक असल्याचा निकाल मिळवला आणि १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आपलं विश्लेषण छापलं. तेवढेच गुण मिळवायला स्त्रीला पुरुषापेक्षा सुमारे अडीच पट काम दाखवावं लागत होतं. आणि ज्या अर्जदाराची समितीतल्या एखाद्या सदस्याशी संलग्नता होती, त्याला जवळपास तेवढाच फायदा मिळत होता. त्या सदस्याला त्या अर्जावर गुण देण्याची परवानगी नसायची, तरीही बाकीचे सदस्य तो फायदा देत होते.

समितीच्या खोलीत मी हे अनुभवलं आहे. कोणी खोटं बोलत नाही, कोणी कोणाला फोन करत नाही. 'हे अमुक सरांचे विद्यार्थी ना? मग करतील व्यवस्थित,' एवढंच वाक्य पुरतं. ज्या मुलीचे कोणी सर नाहीत, जी नागपूरच्या बाहेर परिषदांना जाऊ शकलेली नाही कारण घरी लहान मूल आहे, तिच्याबद्दल असं वाक्य कोण बोलणार? शिफारसपत्रांचंही तेच. अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदांसाठी आलेली तीनशेवर शिफारसपत्रं दोघा संशोधकांनी वाचून २००३ मध्ये लिहिलं की स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने लहान होती आणि मनात शंका पेरणारे उल्लेख त्यांत जास्त होते. पत्र लिहिणाऱ्यांना आपण असं काही करतोय हे ठाऊकही नसेल. म्हणून तर ते मोजावं लागतं.

स्वीडनची गोष्ट मात्र १९९७ ला संपली नाही आणि तिचा पुढचा भाग मी प्रत्येक मुलीला आवर्जून सांगते. त्याच देशातले २००४ चे वैद्यकीय अर्ज पुढे दुसऱ्या संशोधकांनी तपासले. बायका मागे नव्हत्या, उलट त्यांना किंचित जास्त गुण मिळत होते. ओळखीचा फायदा तसाच टिकून होता. बायकांबद्दलचे आकडे उघड झाले, त्यावर देशभर बोललं गेलं, आणि वागणं बदललं. ओळखीबद्दल तेवढं बोललं गेलं नाही, ती राहिली. हे माझं अनुमान आहे, पण मला ते पटलेलं आहे. आणि म्हणूनच माझी मागणी आहे की आपल्याकडे निधी देणाऱ्या प्रत्येक संस्थेने दरवर्षी किती स्त्रियांनी अर्ज केले, कोणत्या ब्रांचमधून केले, किती मंजूर झाले आणि सरासरी रक्कम किती दिली, हे एका पानावर छापावं. त्याला वेगळा निधी लागत नाही. ऑनलाइन अर्जात लिंगाचा रकाना असतोच.

रकमेचं का म्हणते? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००६ ते २०१७ मध्ये पहिल्यांदाच प्रमुख संशोधक झालेल्यांना दिलेल्या निधीचा अभ्यास २०१९ मध्ये आला. पुरुषांना मिळालेली मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) रक्कम होती १,६५,७२१ डॉलर, स्त्रियांची १,२६,६१५ डॉलर. दोघांनाही 'मंजूर'च म्हणायचं, पण एकाला तंत्रज्ञ नेमता येतो आणि दुसरीला नमुने स्वतः तपासत बसावं लागतं.

आता अर्जाच्या आधी काय घडतं ते सांगते, कारण नागपुरात मुली अडतात त्या बहुतेक तिथेच.

वयाचा हिशेब करा. एमबीबीएस साडेपाच वर्षं, मध्ये एखादं वर्ष नीट-पीजीच्या तयारीचं, एमडी-एमएस तीन वर्षं, मग सीनियर रेसिडेन्सी. असिस्टंट प्रोफेसरची खुर्ची मिळते तेव्हा मुलगी तिशीच्या उंबरठ्यावर असते. लग्न, पहिलं मूल, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, हे सगळं नेमक्या त्याच चार-पाच वर्षांत येतं. आणि पहिल्या ग्रांटचा अर्ज करायचा काळही तोच. तरुण संशोधकांसाठीच्या अनेक योजनांना वयाची अट असते. स्त्रियांना त्यात सूट मिळते, पण मुलीच्या हातात सूट मिळालेल्या वर्षांत दाखवायला काम लागतं, आणि ते काम ज्या वर्षांत व्हायचं ती वर्षं रात्रीच्या जागरणात गेलेली असतात. युरोपियन रिसर्च कौन्सिल आईला प्रत्येक मुलामागे दीड वर्ष पात्रतेची मुदत वाढवून देते. ज्या मुलीला दोन मुलं आहेत तिला तिथे तीन वर्षं मिळतात, कुणापुढे विनवणी न करता.

दुसरी अडचण कामाच्या वाटपाची. संशोधन म्हटलं की न दिसणारं काम खूप असतं. एथिक्स कमिटीचे फॉर्म मराठी आणि हिंदीत तयार करणं, रुग्णाला समजावून संमती घेणं, रजिस्टर ठेवणं, डीप फ्रीझरचं तापमान सुट्टीच्या दिवशीही तपासणं, वर्षअखेरीला युटिलायझेशन सर्टिफिकेटसाठी (निधी कसा खर्च झाला त्याच्या दाखल्यासाठी) अकाउंट सेक्शनच्या चकरा मारणं. ही कामं मॅडमकडे जातात, कारण मॅडम नीट करतात. माझ्याकडेही आली. एका प्रकल्पात पहिल्या मसुद्यापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत माझं काम होतं, आणि सादर करायच्या दिवशी मला सांगण्यात आलं की पीआय म्हणून वरिष्ठांचं नाव घालू, प्रस्तावाला वजन येईल. ते नाव घातलं गेलं. प्रस्तावाला वजन आलंही असेल. पण पुढच्या वेळी मी स्वतः अर्ज भरायला बसले तेव्हा 'प्रमुख संशोधक म्हणून पूर्ण केलेले प्रकल्प' या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. हा रकाना रिकामा राहिला की परीक्षक तुम्हाला नवखी समजतो, मग तुम्ही पंधरा वर्षं काम केलेलं का असेना. कॅनडाच्या आकड्यातले ते शंभरामागे चार जण कुठून येतात, हे मला त्या रकान्याने शिकवलं.

तिसरी गोष्ट औषध कंपन्यांच्या चाचण्यांची. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत ज्यांची प्रॅक्टिस आहे त्यांना हे माहीत आहे. कार्डिओलॉजी, ऑन्कोलॉजी, डायबिटीस या शाखांत संशोधनाचा बराच पैसा सरकारी योजनेतून न येता कंपनीच्या क्लिनिकल ट्रायलमधून येतो. त्यासाठी जाहिरात निघत नाही, स्पर्धा होत नाही. ज्यांची ओपीडी मोठी, ज्यांचं नाव आधीच्या ट्रायलमध्ये, त्यांच्याकडे कंपनीचा माणूस जातो. इथे तर कामाकडे बघण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सगळा निर्णय माणसाकडे बघूनच होतो. मोठी ओपीडी असलेल्या सुपरस्पेशालिटीत बायका मोजक्या, म्हणून हा पैसाही मोजक्याच बायकांपर्यंत पोचतो.

एक वडील मला म्हणाले होते, 'मॅडम, पगार तर सारखाच मिळते ना? मग ग्रांट सरांच्या नावावर असो की पोरीच्या, काय फरक पडते?' त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. फरक पडतो तो रुग्णांना.

राणीताई बंग नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकल्या, स्त्रीरोगात एमडी झाल्या आणि गडचिरोलीत गेल्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असंच समजलं जात होतं. या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक स्वरूपाचा एक तरी आजार निघाला, आणि त्यातल्या फक्त आठ टक्के स्त्रियांची आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेली होती. १९८९ च्या जानेवारीत तो 'लॅन्सेट'मध्ये आला आणि जगभरातल्या आरोग्य धोरणांत त्याचा आधार घेतला गेला. हा प्रश्न विचारायला यंत्रसामग्री लागत नव्हती. तो सुचावा लागत होता, आणि त्या बायकांनी आतल्या खोलीत येऊन मोकळेपणाने सांगावं अशी तपासणारी लागत होती.

असाच एक प्रश्न माझ्यासमोर विरून गेला. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे रक्ताचे नमुने यायचे, आणि एक रेसिडेंट, म्हणजे एमडी करणारी डॉक्टर, नमुना द्यायला आलेल्या मुलींशी बोलत बसायची. तिच्या लक्षात आलं की बऱ्याच मुली म्हणतात, पाळीच्या आसपास अंग जास्त ठणकतं, तेव्हाच अ‍ॅडमिट व्हावं लागतं. तिला साधा अभ्यास करायचा होता: मुलींना डायरी द्यायची, त्यात पाळीच्या तारखा आणि वेदनेच्या तारखा लिहायला सांगायच्या, सोबत हिमोग्लोबिन. खर्च अगदी थोडा. परीक्षण करणाऱ्या बैठकीत सांगितलं गेलं की विषय छोटा आहे, यातून मोठा पेपर होणार नाही. टेबलाभोवती मी एकटी बाई होते. मी बाजू मांडली, ती नोंदलीही गेली, निर्णय बदलला नाही. पाळीच्या आसपास सिकलसेलच्या वेदना वाढतात असं परदेशातल्या अभ्यासांनी नोंदवलेलं आहे. आपल्या मुलींचं काय, त्यांची गोळी त्या दिवसांत आधीच सुरू करावी का, शाळेत त्या चार दिवसांसाठी काय सोय करावी, हे आपणच शोधायला हवं होतं. ती रेसिडेंट आता एका खासगी लॅबमध्ये रिपोर्ट साइन करते. उत्तम पॅथॉलॉजिस्ट आहे. तो प्रश्न मात्र अजून तिथेच पडून आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

हे एकट्या नागपूरचं नाही. अमेरिकेतल्या १९७६ ते २०१० मधल्या जैववैद्यकीय पेटंटांचा अभ्यास २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. ज्या गटात सगळ्या संशोधक स्त्रिया होत्या त्यांचे शोध स्त्रियांच्या आरोग्याविषयी असण्याची शक्यता, सगळे पुरुष असलेल्या गटांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त होती. पुरुष डॉक्टरांना बायकांच्या आजारांची कळकळ नसते असं मी कधीही म्हणणार नाही. माझे दोन उत्तम गुरू पुरुष होते. पण ज्याच्या अंगावरून जे जातं ते त्याला आधी सुचतं.

स्त्रियांसाठीच्या खास योजनांबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून तेवढं सांगून टाकते. करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची महिला वैज्ञानिक योजना २००२-०३ पासून होती, जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर २०११ मध्ये आली, आणि विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने २०२० मध्ये पॉवर नावाची योजना काढली. योजनांची नावं आणि नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज करताना त्या वर्षीची सूचनाच वाचा. या योजना हव्यात, त्यांनी अनेकींना परत आणलं. पण पॉवरच्या ग्रांटची रचना कशी ठेवली होती बघा: आयआयटी आणि राष्ट्रीय संस्थांमधल्या स्त्रियांना तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत, राज्य विद्यापीठं, त्यांची महाविद्यालयं आणि खासगी संस्थांमधल्या स्त्रियांना ३० लाखांपर्यंत. जिच्याकडे आधीच उपकरणं आहेत तिला दुप्पट मर्यादा, आणि जिला साधं सेंट्रीफ्यूजही मागून आणावं लागतं तिला निम्मी. बाई म्हणून एक दार उघडलं आणि गाव बघून परत अर्धं लोटलं, हे मला पटत नाही. त्याहूनही मोठी काळजी वेगळी आहे. खास योजना असली की सर्वसाधारण योजनेच्या वेळी विभागात म्हणतात, 'तुमच्यासाठी वेगळी आहे ना, तिथे टाका.' मुलींनो, दोन्हीकडे टाका. सर्वसाधारण योजना तुमच्यासाठीही आहे.

मग विभाग कसा बघायचा? जागा स्वीकारायच्या आधी तिथल्या ज्युनियर रेसिडेंटला भेटा, एचओडींना (विभागप्रमुखांना) नंतर. विचारा की गेल्या काही वर्षांत असिस्टंट प्रोफेसर पदावरच्या कोणी पीआय म्हणून ग्रांट घेतली का, की सगळं एकाच नावावर आहे. थिसिसचा पेपर छापून आला तेव्हा रेसिडेंटचं नाव कितव्या जागी होतं ते पबमेड या शोधनिबंधांच्या वेबसाइटवर स्वतः बघा, कोणाला विचारायचीही गरज नाही. बाळंतपणाची रजा घेतलेली एखादी रेसिडेंट असेल तर तिला भेटा. रजेमुळे मुदत वाढते ते नियमानेच, पण ती परत आली तेव्हा तिचं थिसिसचं काम कोणी सांभाळलं होतं की रुग्ण नोंदवणंच थांबलं होतं, हे तिच्याकडून कळेल. मी एक असा विभाग पाहिला आहे, सर्जरीचा, जिथे सर स्वतः म्हणायचे की जिने प्रस्ताव लिहिला तीच पीआय, माझं नाव सल्लागार म्हणून घाला. तिथल्या मुली आज स्वतःच्या नावावर प्रकल्प चालवतात. आणि बायकांनी भरलेला असा विभागही पाहिला आहे जिथे सगळ्या मॅडम मिळून एका नावासाठी राबत होत्या. म्हणून ब्रांचपेक्षा विभाग, असं मी म्हणते.

आत गेल्यावर एकच गोष्ट सांभाळा. पहिली ग्रांट लहान असली तरी चालेल, महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीतली असली तरी चालेल, पण पीआय तुम्ही असा. एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप करा. दोन महिन्यांचं काम असतं, पण प्रस्ताव आणि अहवाल तुमच्या नावावर असतो. अर्जात स्वतःबद्दल लिहिताना 'सहभाग घेतला' असं लिहू नका. आखणी कोणी केली, विश्लेषण कोणी केलं, ते तुम्ही केलं असेल तर तसंच लिहा. आणि आज ज्या एचओडी आहेत, समित्यांवर आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: आधी प्रस्तावाचं संशोधन वाचून गुण लिहा आणि मगच अर्जदाराच्या बायोडेटाचं पान उलटा. समितीत हा क्रम ठरवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

यंदा एका मुलीने विचारलं, 'मॅडम, मग मी ऑर्थो घेऊ?' रँक चांगली आहे, हात चांगला आहे, आवड इंटर्नशिपपासूनची आहे. मी म्हटलं, घे. विभाग बघून घे, आणि पहिल्याच महिन्यात एक्स-रेपासून वाचवणारं शिशाचं लेड अ‍ॅप्रन स्वतःच्या मापाचं मागून घे. अमेरिकेतल्या स्त्री ऑर्थोपेडिक सर्जनांच्या पाहणीत २०१२ मध्ये असं दिसलं होतं की त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण तिथल्या सर्वसाधारण स्त्रियांच्या २.९ पट आहे. त्या पाहणीने कारण सिद्ध होत नाही, पण नेहमीच्या अ‍ॅप्रनमधून काखेकडचा स्तनाचा भाग उघडा राहतो आणि सी-आर्म या ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राचे किरण तिथे पोचतात, हे वेगळ्या अभ्यासांत मोजलेलं आहे. तिने लगेच विचारलं की आपल्याकडे ओटीत काम करणाऱ्या सिस्टर, टेक्निशियन, अ‍ॅनेस्थेशियाच्या मॅडम यांच्या अंगावर किती किरण पडतात, हे कोणी मोजलंय का? किरण मोजायचा बॅज तर छातीवर मध्यभागी लावतात, काखेपाशी लावला तर आकडा वेगळा येईल का? मी तिला म्हटलं, हे एका कागदावर लिहून काढ, आणि वर तुझं नाव घाल.